इंजिनिअरचे उरलेले स्क्रू

“मशीन खोलल्याशिवाय कळत नाही.”

हे वाक्य तो जेवताना म्हणे, दाढी करताना म्हणे, आणि कुणी नुसती मान वर करून पंख्याकडे बघितलं तरी म्हणे. इंजिनिअर हे नाव त्याने आपलं आपणच घेतलं होतं. गल्लीनेही ते चालवून घेतलं, पण उच्चारताना ओठांचा एक कोपरा जरा वाकडा करून. रस्त्याच्या अंगाला त्याचं दुरुस्तीचं दुकान होतं आणि त्याच घराच्या वरच्या मजल्यावर, मागच्या दोन खोल्यांत, त्याची विधवा वहिनी आणि पुतणी राहत.

हात मात्र त्याचे देखणे होते. लांब बोटं, स्वच्छ नखं. स्क्रू फिरवायला लागला की वाटावं, कुणी फार जपून फूल उमलवतंय. फूल उमले खरं. मिटत मात्र नसे. उघडलेली वस्तू बंद करताना दरवेळी काही स्क्रू उरत. ते तो पत्र्याच्या डबीत टाकी आणि म्हणे, “कंपनीवाले उगाच जास्त लावतात.” डबी भरत आली होती. एकदा त्याने वडिलांचं कानाचं यंत्र उघडलं होतं. म्हातारा त्यानंतर काही न ऐकता जगला आणि सुखात जगला, कारण हा शेजारी बसून बोलतच असायचा.

भाऊ वारल्यावर घरातला शेवटचा शब्द त्याने आपणहून उचलला. पुतणीला नोकरी हवी होती. लॅपटॉप बनवणाऱ्या एका कंपनीत ग्राहकांच्या तक्रारी फोनवर ऐकायच्या कामासाठी तिची मुलाखत ठरली. तीही घरबसल्या, लॅपटॉपवरूनच.

“ही हुकली की माझ्या काउंटरवर बसायचं,” त्याने बजावलं. “फार झाले अर्ज.”

वहिनीने मान खाली घातली. पुतणीने घातली नाही, पण त्या काउंटरमागचा काळोख तिने बघितलेला होता.

मुलाखतीच्या दिवशी सकाळीच लॅपटॉप मुका झाला. पडद्यावर माणसं ओठ हलवत, आवाज नाही. पोरगी नीट बघते न बघते तोच आईने भाबडेपणाने दिराला हाक मारली, आणि दुकान उघडायला निघालेला इंजिनिअर कुलूप तसंच ठेवून वर आला. त्याने लॅपटॉप कानाशी धरला आणि कलिंगड पारखावं तसा थोपटला.

“स्पीकर गेले.”

“काका, थांबा जरा. आधी सेटिंग बघते. परवापर्यंत चांगला चालत होता.”

“सेटिंग बघून आवाज येत असता तर आम्ही दुकानं कशाला थाटली असती? मशीन खोलल्याशिवाय कळत नाही.”

“भावजी, दुपारी मुलाखत आहे तिची,” वहिनी हळूच म्हणाली.

“म्हणूनच हातात घेतलंय. तुम्ही चहा टाका.”

चहा होईपर्यंत लॅपटॉपची पाठ निघाली होती. स्क्रू त्याने शर्टाच्या खिशात टाकले. आत धूळ दिसली तेव्हा त्याचा चेहरा उजळला. मग ब्रशने ती झटकता झटकता त्याने स्पीकरची केसासारखी वायर उचलली, आणि ती तुटून त्याच्या बोटाशी आली. त्याने ती उजेडाकडे धरली, वायरचाच काही गुन्हा असल्यासारखी.

“मुळात कच्ची होती,” तो म्हणाला. “आता सुरू करून बघ.”

पुतणीने एक गाणं लावलं, आवाजाची पट्टी पार टोकाला नेली. खोलीत चमचा पडला असता तरी मोठा वाटला असता, इतकी शांतता.

तेवढ्यात इस्त्रीवाला जिना चढून दारात आला. त्याचं टेबल दुकानाच्या शटरला लागून असायचं.

“इंजिनिअर, दुकानाला कुलूप आणि आत गाणं कोण म्हणतंय? सकाळीपण कुणीतरी आत बडबडत होतं. मला वाटलं, तूच.”

पोरीने गाणं थांबवलं आणि दाराकडे बघितलं. “आता?”

इस्त्रीवाल्याने रस्त्याकडच्या गॅलरीतून खाली कान दिला. “आता गप्प झालं.”

मग तिने काकाकडे बघितलं. परवा गिऱ्हाइकाला दाखवायचं म्हणून तो हाच लॅपटॉप खाली घेऊन गेला होता आणि वायरीविना, ब्लूटूथने, त्याने तो दुकानातल्या मोठ्या स्पीकरला जोडला होता. जोड तोडायचं राहून गेलं. तो स्पीकरही त्याच्याच हाताखालून गेलेला. तेव्हापासून तो बंद होत नसे आणि त्याचा आवाज कमी करता येत नसे. पोरीने जोड तोडली, पुन्हा गाणं लावलं. आता खालीही शांत आणि वरही शांत, कारण वरची वायर खरोखरच तुटली होती.

“दुकानाची किल्ली द्या, काका.”

“अगं, मी अजून—”

“किल्ली द्या. वेळ झाली.”

पाठीचं झाकण तिने केसांच्या रबराने आवळलं, कारण स्क्रू मागत बसायला वेळ नव्हता. दुकानात, धुळीने माखलेल्या काउंटरवर लॅपटॉप ठेवून तिने मोठा स्पीकर पुन्हा जोडला. मुलाखत घेणाऱ्या बाईंचा आवाज शटरखालून रस्त्यावर आला आणि येणारे-जाणारे थबकले. इंजिनिअर बाहेर उभा होता, हाताची घडी घालून, जणू ही सोय त्यानेच केली होती.

“समजा, ग्राहक म्हणाला, लॅपटॉपमधून आवाज येत नाही,” बाई विचारत होत्या. “तुम्ही पहिल्यांदा काय सांगाल?”

“सांगेन, काही खोलू नका,” पुतणी म्हणाली. “मग विचारेन, लॅपटॉप याआधी कुठल्या स्पीकरला जोडला होता का? आणि तो स्पीकर आत्ता कुठे बोलतोय, ते आधी ऐकून या.”

स्पीकरमधून बाई मोठ्यांदा हसल्या. सगळ्या रस्त्याने ते हसू ऐकलं. मग त्यांनी आणखी थोडं विचारलं आणि म्हणाल्या, “सोमवारी रुजू व्हा.”

इस्त्रीवाल्याने इस्त्री उभी केली. “ऐकलंस? खोलू नका म्हणते.”

“तिला काय कळतंय? मशीन…” इंजिनिअर एवढंच बोलला. त्याने वर बघितलं. वहिनी गॅलरीत कठड्याला टेकून उभी होती आणि तिने नजर वळवली नाही.

मग तो रस्त्याने निघाला, कामाला निघालेल्या माणसासारखा झपझप. कसलं काम, ते त्यालाच ठाऊक. पोरगी दुकानातून बाहेर आली नाही. वहिनी आणि इस्त्रीवाला दोघंच तो वळणाआड होईपर्यंत बघत राहिले. प्रत्येक पावलाला त्याच्या खिशातले स्क्रू वाजत होते.