गिनतीत नसलेला माणूस

माझ्या सासऱ्यांना आमच्या नातेवाइकांत सगळे 'जेलरसाहेब' म्हणत. तुरुंगखात्यात उभा जन्म काढलेला हा माणूस निवृत्तीनंतरही माणसं मोजायचा. लग्नाची पंगत असो की दवाखान्यातली रांग, त्यांचं बोट हलायचंच. सासूबाई गेल्यावर ते तीन महिन्यांच्या व्हिसावर आमच्याकडे जर्मनीत एश्बॉर्नला आले, आणि एस-बान लोकलच्या फलाटावर आमची गिनती सुरू झाली. त्यांचा मुलगा, मी, दोन नातवंडं. "चार. जुळलं. चला!"

"बाबा, तुम्ही राहिलात की!" मी पहिल्याच दिवशी म्हटलं.

"सूनबाई, मोजणाऱ्यानं स्वतःला धरायचं नसतं."

धाकट्या ईराला हे मुळीच पटायचं नाही. मराठी कळत असूनही ती भांडायची जर्मनमध्येच. "नाइन, ओपा! फ्युन्फ!" नाही आजोबा, पाच म्हणजे पाच. आजोबा हसून तिची वेणी ओढायचे.

राजवाडे, चर्च यांत त्यांना रस नव्हता. "इथलं एखादं जेल दाखवा," म्हणाले. हौसेला मोल नसतं! म्हणून परतीच्या आठवडाभर आधी आम्ही तीन गाड्या आणि एक बस बदलून उत्तर समुद्राकाठच्या एका आडवळणाच्या बंदरगावी गेलो. तिथला धक्का एके काळी कैद्यांनी दगड वाहून बांधलेला. कैदखान्याचं आता संग्रहालय झालं आहे. आत काचेखाली कैद्यांचा हजेरीपट होता. जर्मन अक्षरही न कळणारे बाबा त्यावर वाकून बराच वेळ उभे राहिले.

"हा नंबर खोडलाय बघ. कोण गेला असेल बिचारा? घरी कळवलं असेल का कुणी?"

त्यांचा आवाज इतका मऊ झालेला मी कधी ऐकला नव्हता.

बाहेर धक्क्यावर वारा उभं राहू देत नव्हता. परतीची बस आली तसं बाबांनी सवयीनं बोट उचललं. चौघांना मोजून झाल्यावर ते स्वतःच्या छातीवर टेकवलं आणि जरा चाचरत म्हणाले, "पाच. जुळतंय ना, सूनबाई?"

मला कळलं होतं. पुण्याच्या त्या रिकाम्या फ्लॅटमध्ये त्यांना परत जायचं नव्हतं. पण मला त्यांच्या व्हिसासाठी आउसलेंडरबेहोर्डेत, परदेशी लोकांच्या कचेरीत, घालावे लागणारे खेटे दिसले, आमचं दोन खोल्यांचं घर दिसलं. मी हसत म्हटलं, "मोजणाऱ्यानं स्वतःला धरायचं नसतं ना, बाबा?"

नवऱ्यानं ते ऐकलं आणि समुद्राकडे तोंड फिरवलं.

"बरोबर. चुकलंच माझं," बाबा म्हणाले आणि सगळ्यांत शेवटी बसमध्ये चढले. जाईपर्यंत त्यांनी पुन्हा कुणाला मोजलं नाही.

पुण्याला गेल्यावर दोन महिन्यांत ते वारले. घरात एकटेच होते. शेजाऱ्यांना दुसऱ्या दिवशी कळलं.

त्या दिवशी मी नुसतं "पाच" म्हणायला हवं होतं. कागदपत्रांचं पुढे काहीही झालं असतं.

आता फलाटावर मी मोजते, स्वतःला धरून. चार होतात. ते होते तेव्हाही चारच म्हणायचे, त्यामुळे आकडा तोच आहे, जुळतोही. फक्त ईरा आता भांडत नाही.