सीडी बंद झाल्यावर

सीटी स्कॅनच्या मशीनसमोर बसून मला अठरा वर्षं झाली. जळगावातलं साधं सेंटर. पडद्यावर काय दिसलं ते आम्ही टेक्निशियननी पेशंटला सांगायचं नसतं, ते काम डॉक्टरांचं. पूर्वी हे सोपं होतं. आम्ही सीडी द्यायचो, आणि ती कुणाच्या घरच्या कॉम्प्युटरवर उघडेल तर शपथ! माणसं ती पिशवीत घालून धुळ्याला, शिरपूरला आपापल्या डॉक्टरकडे न्यायची. तेवढा प्रवास तरी न कळता व्हायचा.

मग ब्राउझर सुधारले, आणि सीडीऐवजी पेशंटच्या मोबाईलवर स्कॅनची लिंक जायला लागली. पहिल्यांदा सॉफ्टवेअरवाल्याने येऊन स्वतःच्या स्वस्तातल्या मोबाईलवर नुसती लिंक उघडून दाखवली. डाउनलोड नाही, काही नाही. छातीचे शेकडो काप बोटासरशी सरकत होते, बरगड्यांचा पिंजरा गोल फिरत होता. याच कामाला आधी आमचा मोठा कॉम्प्युटर धापा टाकायचा. सगळ्यात जास्त कौतुक मीच केलं. सीड्या करत बसायची कटकट गेली ना.

यंदा आईचा खोकला थांबेना, म्हणून तिला मीच मशीनवर झोपवलं. फुफ्फुसात पांढरा गोळा दिसला. मला काही वाटलं नाही. खरंच नाही. हात आपले बटणं दाबत राहिले. डॉक्टर संध्याकाळी येऊन तिला नीट समजावणार होते. तोवर तिची दुपार बरी जावी, एवढंच मला हवं होतं.

पण आईकडे साधा फोन, म्हणून फॉर्मवर मी सवयीने धुळ्याच्या बहिणीचा नंबर टाकला होता. लिंक आपोआप गेली. आई बाहेरच्या बाकावर कानातले परत घालत होती. मी तिच्याजवळ पोचतो न पोचतो तोच बहिणीचा फोन. सगळे काप दोनदा पाहिले म्हणाली.

"दादा, एका बाजूला जे दिसतंय ते दुसऱ्या बाजूला का नाही?"

आम्हीही असंच दोन्ही बाजू ताडून बघतो. प्रश्न बरोबर होता, म्हणूनच तिचा राग आला.

"रिपोर्ट डॉक्टर सांगतील," मी म्हणालो. सख्ख्या बहिणीला, पेशंटला सांगतो त्या रोजच्या आवाजात.

फोन ठेवला. आई कानातल्याची फिरकी लावत होती. माझ्याकडे न बघताच म्हणाली, "बठ्ठं समजनं माले. चांगलं ऱ्हातं तर तू लगेच सांगी देता."

तिला सगळं समजलं होतं. मी बरं म्हणालो आणि आत गेलो. पुढचा पेशंट मशीनवर झोपलेला होता. माइकवरून त्याला श्वास रोखायला सांगितलं, आणि सोडायला सांगायचं विसरलो.