झालेल्या कामाचं इंग्रजी

लग्न होऊन पाथरीला आले, तेव्हा बारावीच्या इंग्रजीत मी दोनदा नापास झालेले होते. सासूबाईंनी, म्हणजे आमच्या आत्याबाईंनी, एक संधी दिली. "तिसऱ्यांदा बस. न्हाई जमलं तर दुकानात बसायचं, पुस्तकाचं नाव काढायचं न्हाई." आमचं किराणा दुकान. मिरचीच्या पोत्यामागे जन्म काढायचा, या नुसत्या कल्पनेनं मला शिंका येऊ लागल्या.

"अडतंय कुठं?" त्यांनी विचारलं.

"भूतकाळात. काम झालं की इंग्रजी शब्दाला शेवटी ई-डी लावायचं."

"एवढंच? मग काम झालं की मला येऊन सांगत जा, इंग्रजीत."

पहिल्याच दिवशी मी ऐटीत म्हणाले, "आय वॉश्ड द पॉट्स. भांडी घासली." त्या उठून मोरीत गेल्या आणि कढई उलटी केली. बुडाशी काजळी. "हे झालं न्हाई. अजून घासायलेय म्हण." आम्ही लिंगायत; गळ्यात इष्टलिंग असताना खोटं बोलायचं नाही, हा घरचा नियम. तो इंग्रजीलाही लागू झाला.

मग काय, एकदा 'क्लीन्ड' म्हणायचं तर तिन्ही खोल्या पुसाव्या लागायच्या. अभ्यासानं माझी कंबर धरली. मामंजींनाही नाद लागला. सकाळी दुकानाचं शटर वर केलं की रस्त्यावरूनच ओरडायचे, "ओपन्ड!"

परीक्षेत दहा मार्कांना प्रश्न आला: तुम्ही केलेल्या सहलीचं वर्णन करा. मी जन्मात सहलीला गेले नव्हते. 'वी एन्जॉइड' लिहायला पेन टेकवला आणि मोरीतल्या आत्याबाई डोळ्यांसमोर आल्या. हात पुढे जाईना. जागा कोरी सोडून आले.

चार मार्कांनी गेले. पुस्तकं गुंडाळताना मला रडू आवरेना.

"दहा मार्काचं काई बी लिहायचं की गं!" आत्याबाई चिडल्या.

"न झालेली सहल झाली म्हणून कशी लिहू? तुम्हीच तर..."

त्यांनी निवडायला घेतलेलं तांदळाचं ताट बाजूला सारलं. मग म्हणाल्या, "चूक माझी हाय. चौथ्यांदा बस. अन् तुझ्या मामंजीला जीप सांगाय लाव. रविवारी सहलीला जाऊ."

"कुठं?"

"मला काय माहीत? मी तरी कवा गेले हाय!"