बांधाचा वाटा

अमावास्येला भरदुपारी मी मिक्सर लावत नाही. सोसायटीतल्या शेजारणींना वाटतं, बाई देवभोळ्या आहेत. तसं काही नाही. शाळेत मी पोरांना भुतं नसतात असंच शिकवलं आणि आजही तेच सांगेन. पण त्या वेळी खाडीला उधाण असतं, आणि मला ऐकायचं असतं.

आमच्या इमारती जिथे आहेत तिथे पूर्वी भातशेती होती. सत्तरच्या दशकात मी साताऱ्याकडची मुलगी शिक्षिका होऊन इथल्या खाडीकाठच्या गावात आले, तेव्हा राहायला खोली मिळाली ती सरपंचांच्या घरात. त्यांच्या बायकोला मी मावशी म्हणायचे. सरपंच वाळलेल्या शेंगेसारखे, कमी बोलणारे आणि तिरसट. तरी दर निवडणुकीला बिनविरोध येत, कारण बांधाची जबाबदारी अंगावर घेणारा दुसरा कोणी नव्हता.

शेतं भरतीच्या पाण्यापेक्षा खोल होती. खाडी आणि भात यांच्यामध्ये मातीचा एक बांध, बस. चिंबोऱ्या, म्हणजे खाडीतले खेकडे, त्यात बिळं करायच्या. उधाणाचं पाणी एका बिळातून आत शिरलं तरी शेत खारं व्हायचं. रात्रीच्या भरतीला गावातले गडी पाळीपाळीने जात, अमावास्या-पौर्णिमेची दुपारची भरती मात्र सरपंचांची. हातातली काठी मातीवर आपटत ते बांधाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचे. भरीव माती ठप्प वाजायची. जिथे आवाज पोकळ आला तिथे ते पेंढा आणि चिखल कोंबायचे. काठी आमच्या शाळेपर्यंत ऐकू यायची. चालणं इतकं झपाझप की बरोबर कोणी टिकत नसे, आणि मागे वळून बघणं त्यांना ठाऊकच नव्हतं. मावशी हसून सांगायची, लग्नाच्या वरातीतही हा माणूस पुढे निघून गेला, मी धावतच सासरी आले.

सरपंचांना मानधन होतं. त्यातला एक वाटा सरकार द्यायचं, दुसरा गावाने घरपट्टीतून घालायचा. गावचा वाटा पडल्याचं कळलं की मगच तालुक्याहून सरकारचा सुटायचा. आमच्या गावाने या नियमाचा सण करून टाकला होता. नवं भात घरात आलं की ठरल्या दिवशी घरटी एकेक जण सरपंचांच्या ओटीवर यायचा, घरपट्टी द्यायचा आणि वर सूपभर तांदूळ ठेवायचा. सगळे त्याला बांधाचा वाटा म्हणत. मी एकदा सरपंचांना विचारलं, एकाच कामाचे दोन मालक कशाला? ते म्हणाले, "सरकार सहीचं देतं, गाव बांधाचं. सही घरान बसून व्हते, बाई."

मग नवं शहर वसणार म्हणून सरकारने शेतं घेतली. भाताच्या जागी गवत माजलं आणि मोजणीचे दगड उभे राहिले. बांधाच्या आत राखण्यासारखं काही उरलं नाही. तरी घरपट्टी आणि सूप येत राहिलं, तांदूळ आता दुकानातून आणलेले. पहिल्यांदा बंद करणारं घर आपलं नको, असं प्रत्येकाला वाटत होतं. आणि गाव देतंय म्हणून सरपंच जात राहिले. गुडघे गेले होते. एका पौर्णिमेला ते छातीपर्यंत चिखलात भरून परतले, घसरून खाडीच्या बाजूला पडले होते. त्या दिवशी मावशी चुलीपुढे बसून माझ्यादेखत रडली. तिला नवरा घरात हवा होता, एवढंच.

ग्रामसेवकांकडून वाट्याचा नियम तिनेही ऐकला होता. गावचा थांबला की सरकारचाही थांबणार, दोन्ही थांबले की माणूस घरी बसेल. हळदीकुंकवाचं निमित्त करून ती घरोघर गेली आणि यंदा देऊ नका म्हणून पदर पसरला. घरं कबूल झाली. खरं सांगायचं तर पुष्कळांची सुटकाच झाली, आणि त्याचा मला आजही राग येतो.

ठरल्या दिवशी सरपंचांनी ओटी झाडली, चटई अंथरली, पानाचं तबक मांडलं. कोणी आलं नाही. मावशी आत तोंडावर पदर दाबून उभी होती. ऊन उतरल्यावर त्यांनी मला विचारलं, आज वार कोणता. मी सांगितला. बरोबर होता. त्यांनी चटई गुंडाळली.

पुढच्या अमावास्येला ते बांधावर गेले नाहीत. मावशीने भरलेल्या चिंबोऱ्यांचं कालवण केलं होतं. ते पानावर बसले, पाण्याचा आवाज ऐकत राहिले आणि न जेवता उठले. गावाने आपल्याला उतरवलं असं त्यांनी धरलं. खरं काय ते सांगायचा मावशीला धीर झाला नाही. पावसाळ्याआधीच ते गेले.

त्यानंतरच्या अमावास्येला मी वर्गात पाढे घेत होते. बांधावरून काठी ऐकू आली. ठप्प, ठप्प. पोरांनी पाटीवरून माना वर केल्या. मी बाहेर आले तर बांधावर कोणी नव्हतं, पाणी काठोकाठ. घरी येऊन पाहिलं, काठी दारामागे कोरडी उभी होती.

गावानेही ऐकलं होतं. पौर्णिमेला पुन्हा वाजली, तशी दुसऱ्या दिवशी माणसं सुपं घेऊन ओटीशी आली. मावशी दारात आडवी उभी राहिली. म्हणाली, "देऊ नका. तुमी दिलंत तर तो जातच राहील. मना तो घरा यायला हवा." लोक सुपं घेऊन परत गेले.

पण गावाने दिलं नाही, सरकारने दिलं नाही, तरी पुढच्या उधाणाला काठी वाजलीच. मावशी थोडा वेळ ऐकत बसली. मग दारामागची काठी तिने उचलली. मी अडवायला गेले तेव्हा ती शांतपणे म्हणाली, "तो येत नाय, बाई. मीच जातंय."

त्या दुपारी मी ओटीवरून दोन काठ्या ऐकल्या. संध्याकाळी ती चिखलाच्या पायांनी आली आणि दोन माणसांचा भात टाकला. तेव्हापासून एकही उधाण तिने चुकवलं नाही.

पुढे मुरमाचा भराव पडला, बांध गाडला गेला, वरून रस्ता झाला. मावशीही गेली. मला याच इमारतीत फ्लॅट मिळाला. भरदुपारी खिडकीशी उभी राहिले की अजून ऐकू येतं. पुढची काठी झपाझप जाते, मागची दमते. मग पुढची थांबते. मागची येऊन पोचेपर्यंत ती वाजत नाही.