फाटकावरचा नत्थुजी

हातातली तुतारी, बैलाले टोचायची काठी, उंच धरून नत्थुजी आपल्याच बैलाले दरडावून राहिला होता.

"हू?"

बैलानं कान हालवला.

"हू म्हंजे कोन बे! बरं, हे सांग. व्हेन?"

बैलानं शेण टाकलं. आजूबाजूचे धुरकरी, गाड्या हाकनारे गडी, जुवावर पडून हसले. एक म्हणे, "नत्थुभाऊ, त्याले मराठीबी येत नाही, तू इंग्रजी काहून शिकवतं?"

नत्थुजीले हसू आलं नाही.  आज त्याले अकोल्याच्या एका कापसाच्या आवाराच्या फाटकावर उभं राहून तिथल्या गोऱ्या सायबासमोर इंग्रजी चालवायची होती.

तिकडं अमेरिकेत लढाई जुंपली होती, तिथला कापूस अडकला होता, आन वऱ्हाडच्या काळ्या मातीतल्या बोंडाले राजाचा मान आला होता. रेल्वेचे रूळ अजून अकोल्याले पोचले नव्हते. गाड्या भरायच्या आन पच्छिमेले रुळाच्या टोकापाशी नेऊन रिकाम्या करायच्या, असं काम. पन वाटेत एखादी गाडी दुसऱ्याच व्यापाऱ्याच्या दारी रिकामी होये. मून सायबानं फर्मान काढलं. निघनाऱ्या दर गाडीले फाटकावर सवाल इचारायचे. वरून ओसरीतून सायब इंग्रजी शब्द टाकीन, फाटकावरच्यानं थो आपल्या बोलीत इचारायचा आन जबाब इंग्रजी शब्द लावून वर ओरडायचा.

हे काम कोनाले द्यायचं? सायबाकडं एक मानूस तयार होता, परमुलखातला, कमरेले चाबूक. अमरावतीच्या एका आवारात त्यानं एका बुढ्या धुरकऱ्याची पाठ फोडली होती, हे साऱ्याईले माहीत होतं. सायब म्हणे, नत्थुजीनं दुपारपर्यंत फाटक चालवलं तं फाटक त्याचं, नाही तं चाबूकवाल्याचं. आता सांगा, बैलाशी इंग्रजी बोलल्याशिवाय त्यानं करावं काय?

नत्थुजी बाळापूरचा. शाळेचं तोंड पाह्यलं नाही. इंग्रजी शिकला सायबाच्या खानसाम्यापाशी, इलचपूरच्या इमामबक्षपाशी, कोंबड्या सोलता सोलता. पहिले पहिले गडी साऱ्याले हूच म्हने. कापसाच्या बोंदऱ्याकडं, मोठ्या पोत्याकडं, बोट करून हू, खिचडीकडं पाहून हू. इमामबक्ष कपाळाले हात लावे. "अरे मियाँ, बोंदरा क्या तुम्हारा मामा है? आदमी को हू, चीज को व्हॉट!"

मंग नत्थुजीनं आपली युक्ती काढली. पाटी नाही, लेखनी नाही, त्यानं सारे शब्द गाडीवरच टांगले. धुरकरी बसते तिथं हू, म्हंजे कोन. गाडीतला माल म्हंजे व्हॉट, काय. चाक म्हंजे व्हेअर, कुठी, काहून का चाकच जागा बदलवते. कंदील म्हंजे व्हेन, कवा. हातातली तुतारी म्हंजे व्हाय, काहून. बैल अडला का तुतारी टोचूनच इचारा लागते, काहून रे बापा? आन चाकाच्या आखाचं वंगन म्हंजे हाऊ, कसं. अख्खी इंग्रजी त्याच्या गाडीत मावली. अशी अक्कल शाळेत बसून किती जनाले सुचली असती, मले सांगा.

सायब ओसरीत येऊन बसला. पहिली गाडी पुंजारामची. पुंजाराम म्हंजे बाळापूरकडच्या साऱ्या धुरकऱ्यायचा म्होरक्या, पांढऱ्या मिशांचा, बोलला का ठोकूनच. सारे त्याले पुंजाकाका म्हनत.

"हू?" वरून आवाज आला.

"काका, तुमचं नाव सांगा."

"तुले माहीत नाही? माह्या मांडीवर मुतला तू."

"काका, रीत हाये. सांगा."

"पुंजाराम."

"हू, पुंजाराम!" नत्थुजी वर ओरडला. मंग व्हॉट, कापूस. व्हेन, आत्ताच. सारं सरसर चाललं. नत्थुजीची छाती फुगली. सायबानं मान डोलवली. चाबूकवाला भिंतीले टेकून उभा होता, त्यानं तोंड फिरवलं.

"व्हेअर?"

चाक! नत्थुजीच्या डोक्यात चाक फिरलं, आन त्या आनंदात तोंडातून सरळ निघालं, "काका, कुठी चालले?"

साऱ्या धुरकऱ्यायच्या माना फाटकाकडं वळल्या.

जुपलेल्या गाडीले, वाटेले लागलेल्या मानसाले, कुठी चालले असं वऱ्हाडात कोनी इचारत नाही. इचारलं का काम फसलं. लहान पोराच्या तोंडातून निघालं तरी माय त्याच्या तोंडावर हात ठेवते. आन हा बाळापूरचा, गाड्याईत जन्मलेला मानूस, भर फाटकात बोलून बसला.

पुंजाकाका खाली उतरला. जुवाच्या खुट्या, शिवळा, काढल्या, बैल सोडले, जू जमिनीले टेकवलं. मांगच्यानंबी सोडले. त्याच्या मांगच्यानंबी. पाहता पाहता सारी लाइन सुटली.

"आता आज गाडी निघत नाही," काका म्हणे. "तू बाळापूरचा हायेस का लंडनचा, थे ठरव पहिले."

वरून सायब गरजला. लाल झाला होता. चाबूकवाल्यानं भिंत सोडली आन चाबकाची गाठ मोकळी केली.

 पन नत्थुजी पळाला नाही. त्यानं मुंडासं काढून कमरेले बांधलं, सायबाकडं पाठ केली आन सरळ पुंजाकाकाच्या पायावर डोकं ठेवलं.

"चुकलो काका. पान्याची रीत करतो. मंग तं निघसान?"

काकानं मिशीवर हात फिरवला. "गूळ कोन आनीन?"

असं कोनी टोकलं का त्याची रीत असते. मांग फिरायचं, घडीभर बसायचं, गूळ तोंडात टाकून घोटभर पानी प्यायचं, आन नव्यानं निघायचं. जसं काही पहिले निघालोच नव्हतो. नत्थुजी सैपाकघराकडं धावला. इमामबक्षनं सायबाच्या कोठीतली गुळाची भेली काढून देली. नत्थुजी दर गाडीपाशी गेला, आपल्या हातानं दर धुरकऱ्याच्या तळहातावर खडा ठेवला, आपल्या हातानं पानी वाढलं. सारेच्या सारे फाटकापासून मांग फिरले, घडीभर बसले, मंग परत जुपलं.

"व्हाय?" सायब वरून ओरडला. "व्हाय?"

तुतारी! नत्थुजीनं तुतारी उचलली, बैलाकडं दाखवली. "सायब, व्हेअर, बैल स्टॉप. नो व्हेअर, बैल गो!"

सायबाचा हात टेबलावर थांबला. पन सवाल त्यानं सोडला नाही. "व्हेअर!" परत म्हणे, आन बोट हालवलं.

कुठी इचारायचं नाही, आन इचारल्याशिवाय सायब सोडत नाही. पुंजाकाकाची गाडी परत फाटकात येऊन उभी. काका टक लावून पाहून राहिला होता. चाबूकवालाबी.

नत्थुजीनं सारी गाडी डोळ्यानं चाचपली. चाक, कंदील, वंगन. मंग त्याची नजर धुरकऱ्याच्या जागेवर येऊन थांबली.

"काका," थो हळूच म्हणे, "हा माल कोन उतरून घेईन?"

पुंजाकाकाचे डोळे बारीक झाले. मंग मिशीखाली हसू फुटलं. "मलकापूर टेसनावरचा मुनीम, सोराबजी."

"हू!" नत्थुजी सारं आवार ऐकीन असा ओरडला. "हू, मलकापूर टेसन, सोराबजी!"

सायबानं इमामबक्षले काहीतरी इचारलं. इमामबक्षनं दात दाखवले आन दाढी खाजवत सांगितलं का हुजूर, गाव तं कोनबी ठोकून देईन, पन मानसाचं नाव सांगाले घेनारा मानूस खराच असा लागते. सायबानं बोट खाली केलं. जाऊ द्या मून हातातली काठी वाजवली. गाडी निघाली. दुसरी निघाली. तिसऱ्या गाडीवाल्याले माल घेनाऱ्याचं नाव सांगता येईना, त्याले नत्थुजीनं बाजूले काढलं.

दुपारपर्यंत आवार रिकामं. चाबूकवाला त्याच दिवशी अमरावतीच्या वाटेले लागला, त्याले कोनी कुठी चालला मून इचारलंबी नाही.

तिकडची लढाई सरेपर्यंत फाटक नत्थुजीचं राह्यलं. त्या फाटकावर कोन्या धुरकऱ्यावर हात उठला नाही, शिवी पडली नाही. बाकीच्या आवारातले लोक हू इचारायची ही तऱ्हा पाहाले येत. कापसाचा भाव पडला, सायब गेला, रूळ आले. नत्थुजी बाळापूरले परतला, शेती केली, नातवाईले गाडीवर बसवून इंग्रजी शिकवली.

नत्थुजी वारल्यावर लय वर्सांनी पुंजारामची सून आशाबाई बोलली, तवा कुठी एक गोष्ट मले समजली. फाटकासाठी नत्थुजीचं नाव सायबापाशी नेलं थे पुंजारामनंच, इमामबक्षच्या तोंडून. आन त्यासंगं निरोप धाडला होता का नत्थुजीले न पाहता फाटकावर चाबूकवाला बसवला तं बाळापूरचा एकही बैल या आवारात जुपला जानार नाही. नत्थुजीले हे सांगायचं नाही, अशी त्यानं साऱ्या धुरकऱ्यायले शपथ घातली होती.