तिसरा बॉक्स

मी बेस गिटार हौसेनं हातात घेतली नाही. भावाच्या गाण्याच्या पार्टीतला, म्हणजे ऑर्केस्ट्रातला, बेस वाजवणारा नोकरीसाठी पुण्याला गेला, आणि एप्रिलमधल्या जयंतीच्या कार्यक्रमांच्या सुपाऱ्या तोंडावर आल्या होत्या. भाऊ म्हणाला, "तुला गिटार येतीच की. हिला तर चारच तारा हायत. शिकशील."

वडील गेल्यावर मला शिकवलं ते त्यानंच. लोहा गावच्या शाळेत मी शिक्षिका झाले तीही त्याच्यामुळं. त्यामुळं तो म्हणाला की मी शिकायचं, हे ठरलेलंच होतं. शिकता शिकता मला ती गिटार आवडायला लागली, हे मात्र कुणी ठरवलं नव्हतं.

सुरुवातीला माझी गिटार साउंडवाल्याच्या मिक्सरमधूनच जायची. बेस म्हणून लोकांना नुसती घरघर ऐकू यायची. मग हैदराबादहून एक जुना बेसचा अँप मिळाला. भाऊ स्वतः जाऊन घेऊन आला. नुसता अँप होता, स्पीकर नव्हते. मागच्या पत्र्यावर बारीक अक्षरात लिहिलं होतं, कमीत कमी चार ओहम. त्याचा अर्थ लागेपर्यंत मी त्याला काही जोडू दिलं नाही.

पहिला बॉक्स नांदेडातच मिळाला. पंधरा इंची स्पीकरचा, आठ ओहमचा. आवाज खोल होता, पण बोट कुठं पडलं ते कळायचं नाही. त्याच्या जोडीला दहा इंची स्पीकरांचा बॉक्स हवा होता, आणि तोही आठ ओहमचाच. आठचे दोन बॉक्स एकत्र जोडले की अँपला चार दिसतात. बॉक्स वाढले की आकडा उतरतो आणि अँपवरचं ओझं चढतं; चारच्या खाली गेला की अँप जळू शकतो. भावाला हे समजावताना मी कागदावर चित्र काढलं. तो म्हणाला, "हाव, कळलं. तू बघ."

मी बघितलं. लातूरला एका गृहस्थांनी आपला ऑर्केस्ट्रा बंद केला होता. त्यांच्या गच्चीवरच्या खोलीत तसाच बॉक्स सापडला. मीटर लावून तपासला आणि एस.टी.च्या टपावर घालून आणला. आमच्या वस्तीतल्या समाजमंदिरात दुपारी दोन्ही बॉक्स एकावर एक ठेवले, अँप वर ठेवला आणि सर्वांत जाड तार वाजवली. फरशीतून आवाज तळपायात आला, आणि तरी प्रत्येक सूर स्वच्छ, वेगळा. भाऊ भिंतीला टेकून बसला होता. मग म्हणाला, "आत्ता पार्टी भरल्यासारखी वाटून राहिली." त्या दुपारइतकी मी त्याच्यावर कधीच खूश नव्हते.

पुढच्या एप्रिलात लातूरला कार्यक्रम होता. ऊन उतरायच्या आत आम्ही स्टेजवर चढलो. पत्र्याचा मंडप तापलेला, अँपला हात लावला तरी चटका बसत होता. दोन गाणी झाली आणि आयोजकांपैकी एक जण येऊन भावाला म्हणाला, "भाऊ, आवाज छातीत बसंना. मागच्या साली डीजे होता, कसला वाजला!" भावानं साउंडवाल्याला खूण केली. साउंडवाल्यानं आपला एक मोठा बॉक्स ढकलत आणला आणि त्याची वायर माझ्या बॉक्सच्या मागं खुपसली.

मी वायर काढली. भावाजवळ जाऊन म्हणाले, "दादा, तिसरा लावला तर तीन ओहमच्या खाली जाईल. या गर्मीत जळंल अँप. त्यांना त्यांच्या मिक्सरवरून वाढवू दे."

"एवढं काय होत न्हाई गं."

"होतंय. मी सांगितलं होतं तुला."

तो माझ्याकडं न बघता माइक घेऊन पुढं गेला. सत्काराच्या वेळी मी खाली उतरून चहा घेतला. परत आले तर निवेदन सुरू झालेलं, लगेच गाणं. मागं बघायला सवड मिळाली नाही. गाण्याच्या मध्यावर माझा सूर फाटला, मग नुसती खरखर, मग जळल्याचा वास. मी वाकून बघितलं. तिसरी वायर जागेवर होती.

गाणं थांबलं. भाऊ माइकवर हसत म्हणाला, "आमच्या बहिणीनं आज जरा जास्तच जोर लावला. टाळ्या होऊन जाऊ द्या!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. साउंडवाला खाली मान घालून वायर गुंडाळत होता. ढोलकीवाल्यानं आणि कीबोर्डवाल्यानंही सगळं बघितलं होतं. कुणी तोंड उघडलं नाही. उरलेला सगळा कार्यक्रम मी मुकी गिटार गळ्यात घालून उभी राहिले, कारण भावानं खुणेनं तसंच सांगितलं होतं.

नांदेडला दुरुस्तीवाल्यानं अँप उघडून दाखवला. आतली पट्टी कोळशासारखी झाली होती. "हे सामान आता मिळत न्हाई, ताई," म्हणाला.

पुढच्या कार्यक्रमाचं पोस्टर मला व्हॉट्सअॅपवर दिसलं. सगळ्यांचे फोटो होते, माझा नव्हता. मी आईकडं गेले, भाऊ तिथंच जेवत होता.

"पोस्टरवर मी न्हाई?"

"कीबोर्डवरच बेस निघतो आता. गाडीत तेवढीच जागा बी वाचती."

"ती वायर कुणी लावली होती, दादा?"

त्यानं घास खाली ठेवला. "मी सांगून लावली. मंग? आयोजकासमोर तू वायर काढून फेकली. तुझं ऐकलं असतं तर गावभर झालं असतं, पार्टी बहीण चालवती म्हणून."

"आणि मी अँप जाळला म्हणून झालं, ते चाललं?"

"तुला शाळा हाय, पगार हाय. मला हेच हाय."

आई म्हणाली, "एका यंत्रापायी भावाशी भांडती का?" आणि त्याच्या ताटात भाजी वाढली. मला जेवायला बस म्हणायचं ती विसरली.

काही महिन्यांनी कळलं, त्याच्याकडंच राहिलेले माझे दोन्ही बॉक्स भावानं डीजेच्या अँपला लावून भाड्यानं द्यायला सुरुवात केली होती. मी टेम्पो घेऊन त्याच्या घरी गेले. पंधरा इंची स्पीकरचा कागदी पडदा मधोमध फाटला होता. दहा इंचीतले दोन स्पीकर बंद होते. एका बाजूनं त्यानं धरलं, एका बाजूनं मी, आणि दोघांनी मिळून ते टेम्पोत चढवले. "कोपरा सांभाळ," एवढंच तो म्हणाला. मग आत जाऊन त्यानं बाजाची पेटी काढली आणि रियाजाला बसला. त्याचा आवाज अजून चांगला आहे.

मी पुढं ड्रायव्हरशेजारी बसले. वळणावर त्यानं विचारलं, "ताई, डीजेचे हायत का बॉक्स?"

मी हाव म्हणाले.