खालची ओळ

"खालची ओळ वाच," छत्रीच्या टोकाने पाटीच्या तळाशी टकटक करत मावशी म्हणायच्या. वर काय लिहिलं आहे याच्याशी त्यांना काही कर्तव्य नसे.

हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा नोकरीसाठी फेल्डहोवन या डच गावी येऊन मला जेमतेम एक हिवाळा झाला होता. दोन हजार चार-पाचचा सुमार. रविवारी सायकल काढून गावाबाहेर पडले होते. एका शेताच्या तोंडाशी लाकडी फाटक होतं, लावलेलं, आणि त्यावर पाटी. मला डच येत नव्हतं, पण लावलेलं फाटक कळायला भाषा कशाला लागते? शिवाय पुण्यात वाढलेल्या माणसाला पाटी दिसली की आधी आपलंच काहीतरी चुकलं असं वाटतं. मी फोनवर आईला सांगत होते, "अगं, पुढे रस्ता बंद आहे, परत फिरते." तोच मागून स्वच्छ मराठीत आवाज आला, "बंद कुठाय? खालची ओळ वाच."

वळून पाहिलं तर पासष्टीच्या एक बाई. रबरी बूट, जाड कोट, डोक्यावर करड्या केसांचा अंबाडा. इकडे फोनवर आई "कोण गं? कोण बोलतंय?" करत राहिली.

पाटीवर वर ठळक अक्षरांत 'खाजगी रस्ता' असं होतं आणि खाली बारीक अक्षरांत, पायी जाणाऱ्यांना सूर्योदय ते सूर्यास्त मुभा. "या लोकांचं असंच," मी पुण्याची हे कळल्यावर मावशी म्हणाल्या. "आधी मोठ्यांदा नाही म्हणतात, मग हळूच या म्हणतात. तुमच्या पुण्यात उलटं. या, या म्हणतात, आणि चहा विचारत नाहीत. आणि फाटक गाईंसाठी लावतात. तू गाय आहेस का?"

मिरजेला नर्सिंग शिकून त्या सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला इकडच्या इस्पितळात आल्या. इथल्याच एका उंच, अबोल सुताराशी लग्न केलं. त्याचं नाव मी त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नाही, त्याला त्या 'आमचे हे' म्हणत. फेल्डहोवनच्या शेजारच्या खेड्यात, अगदी कडेला त्यांचं घर होतं. मराठी बोलायला वर्षानुवर्षं कोणी नसल्यामुळे त्यांची भाषा आल्या दिवसासारखीच राहिली होती. त्या 'टपाल' आणि 'आगगाडी' म्हणायच्या आणि माझ्यावर डाफरायच्या, "सारखं ॲक्च्युअली काय गं?"

मग रविवार त्यांच्याबरोबर जाऊ लागले. रानातल्या पाट्या वाचायला मला त्यांनी शिकवलं. झाडावर पांढरा-लाल पट्टा म्हणजे बरोबर चाललीस, फुली म्हणजे चुकलीस. दोन वाटा फुटतात तिथे जमिनीलगत एक ठेंगणा पांढरा खांब असायचा, कुत्र्याच्या छत्रीसारखा. त्यावरची गावांची नावं वाचायला वाकावं लागे. "वाट विचारायची तर वाकायला नको?" असं म्हणत त्या स्वतः गुडघे धरून कण्हत वाकायच्या. वसंतात काही कुरणं पक्ष्यांच्या अंड्यांसाठी बंद असत. मी एकदा म्हटलं, कोण बघतंय, जाऊ या पटकन. त्या इतक्या चिडल्या! "बाळंतिणीच्या खोलीत शिरतेस का अशी?"

पण त्यांची खरी वाट एकच, ते पहिलं फाटक होतं ती. मक्याच्या शेताच्या कडेने, चरावरच्या फळीवरून, थेट चर्चच्या मागच्या दफनभूमीत उतरणारी. 'आमचे हे' तिथे होते. मावशी रोज जात. फुलंबिलं नेत नसत. दगडावरचा पाला झटकायच्या, काल काय काय झालं ते मराठीत सांगायच्या आणि परत यायच्या. "त्यांना मराठी येत होतं?" मी विचारलं. "छे! पण ऐकायचे," त्या म्हणाल्या. मोठ्या रस्त्याने गेलं तर तीच दफनभूमी कितीतरी लांब पडायची, आणि त्या गुडघ्यांना ते झेपणारं नव्हतं.

शेत एका म्हाताऱ्या शेतकऱ्याचं होतं. मोटारसायकलवाली पोरं पीक तुडवतात म्हणून त्याने फार पूर्वी ती पाटी लावली. लावताना मावशींना मुद्दाम बोलावून खालच्या ओळीवर बोट ठेवलं आणि म्हणाला, "ही तुझ्यासाठी." हे सांगताना मावशींचा चेहरा काय फुलायचा! तुमच्या-माझ्यासारख्यांना कोणी सोन्याचं कडं दिलं तरी इतकं फुलता येणार नाही.

तो म्हातारा वारला. मुलांनी शेत विकलं. नव्या मालकाने फाटकाला कुलूप लावलं आणि पाटी बदलली. मावशींनी मला फोन करून बोलावून घेतलं. मी पोहोचले तेव्हा त्या चष्मा लावून नव्या पाटीपुढे वाकल्या होत्या. वर 'प्रवेश बंद' आणि खालच्या ओळीत फक्त फौजदारी कायद्याच्या कलमाचा आकडा.

आम्ही नगरपालिकेत गेलो. समोरचा तरुण अधिकारी फार सभ्य होता. त्याने समजावून सांगितलं की एखादी वाट सलग तीस वर्षं सगळ्यांना खुली असेल तर ती सार्वजनिक ठरते, मग मालकालाही बंद करता येत नाही. पण तसं सांगणारी माणसं हवीत.

मावशी हसल्याच. बाहेर येऊन म्हणाल्या, "एवढंच ना? तीस वर्षांपूर्वी या गावात काळी म्हणावी अशी मी एकटी. साडी नेसून त्या वाटेने निघाले की पडदे हलायचे गं खिडक्यांचे! साक्षीदारांना काय तोटा?"

दुसऱ्या दिवसापासून त्या घरोघर फिरल्या. सुट्टीच्या दिवशी मीही बरोबर गेले. जे नक्की सांगू शकले असते त्यांतले बरेच 'आमच्या ह्यां'च्या शेजारीच झोपले होते. एक बाई वृद्धाश्रमात होती, तिने मावशींचा हात हातात घेतला आणि त्यांनाच विचारलं, तुम्ही कोण? राहिलेल्यांनी कॉफी दिली, बिस्कीट दिलं. कुणी म्हणालं, नवा मालक शेजारी आहे, वाद नको. कुणी म्हणालं, आठवत नाही. मावशींनी ज्या घरातली तिन्ही बाळंतपणं निस्तरली होती, तिथली सून दारातच म्हणाली, "तुम्हाला त्या वाटेवर कधी पाहिल्याचं लक्षात नाही."

परतताना मावशी म्हणाल्या, "तीस वर्षं टक लावून बघत होते गं माझ्याकडे. आता म्हणतात पाहिलंच नाही." मला त्या गावातल्या एकेका खिडकीवर दगड मारावासा वाटला.

पण त्यांनी हार मानली नव्हती. एकदम त्यांना सुचलं, "अगं, पाटी! पाटीच माझी साक्षीदार!" उतरवून टाकलेली जुनी पाटी त्यांनी चरातून उचलून घरी आणून ठेवली होती. ती कापडात गुंडाळून आम्ही पुन्हा नगरपालिकेत गेलो. मावशींनी ती टेबलावर मांडली आणि छत्रीच्या टोकाने टकटक केलं. "खालची ओळ वाचा."

अधिकाऱ्याने वाचली. पुन्हा वाचली. किती वर्षं होती ही तिथे, असं विचारलं. मावशींनी अभिमानाने सांगितलं. त्याला वाईट वाटलं असावं, कारण तो आमच्याकडे न बघता बोलला. म्हणाला, मुभा आहे असं मालकाने लिहून ठेवलं होतं, म्हणजे वाट त्याच्या मर्जीने चालू होती. मर्जी मालकाची, तो ती कधीही काढून घेऊ शकतो. नव्या मालकाला काही सिद्ध करायची गरजच उरली नाही, या पाटीने ते केलं आहे.

मी भांडले, डच-इंग्रजीत जमेल तसं. मावशींनी माझ्या हाताला धरून उठवलं. पाटी तिथेच राहिली.

बसच्या थांब्यावर त्या म्हणाल्या, "मर्जी होती होय? मला वाटलं, वाट आहे."

त्यानंतर कुठल्याही पाटीपुढे त्या थांबल्या नाहीत. रविवारी मी गेले तर खिडकीशी बसलेल्या असत. "चला, मी सायकलवर मागे बसवून नेते मोठ्या रस्त्याने," असं म्हटलं तर, "नको गं, ते काय कुठे जातायत," म्हणत. मराठीही कमी झालं. पुढच्या हिवाळ्यात एकदा मी लावलेला फोन त्यांनी उचलला नाही, आणि मग शेजारच्यांचा फोन आला.

शवपेटीची गाडी मोठ्या रस्त्याने गेली, लांबून, सावकाश. पडदे ओढलेल्या खिडक्यांमागून गाव बघत होतं. 'आमच्या ह्यां'च्या शेजारी त्यांना ठेवलं. सगळे गेल्यावर मी दगडावरचा पाला झटकला आणि परत आले.

उन्हाळ्यात मी पुन्हा गेले. दफनभूमीच्या मागे उभी राहून त्यांच्या घराकडे पाहिलं. मका पुरुषभर वाढला होता, या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग. चरावरची फळी नव्हती. त्या वाटेची साक्ष देणारी आता मी एकटीच उरले होते, आणि ती नेमकी कुठून जायची हे मलाही दाखवता आलं नसतं.